कर्ज मिळेल, हत्याराचे काय?

‘नोकरीच्या मागे लागू नका, उद्योग करा’ हा उपदेश आपल्याकडे फार स्वस्त झाला आहे. पदवीदानाचे व्यासपीठ असो, सत्काराचा समारंभ असो की निवडणुकीची सभा असो, वक्त्याला दुसरे काही सुचले नाही म्हणजे तो तरुणांना उद्योगाचा मंत्र देतो, टाळ्या घेतो आणि मोटारीत बसून निघून जातो. मागे उरतो तो तरुण. आयटीआयचे प्रमाणपत्र त्याच्या हातात आहे, अंगात कसब आहे, आईने गळ्यातले डोरले गहाण टाकण्याची तयारीही दाखवली आहे. परंतु उद्या सकाळी उठून नेमके कोणाच्या दारात जायचे, हे त्याला एकाही वक्त्याने सांगितलेले नसते. कोल्हापूरच्या कितीतरी घरांत आज हा प्रश्न उभा आहे. म्हणून तो आतल्या पानावर न टाकता आम्ही येथे मांडत आहोत.

छोटा उद्योग उभा राहण्यास तीन गोष्टी लागतात : हत्यार, सल्ला आणि पहिले गिऱ्हाईक. पैसा लागतोच; पण या तिहींची जोड नसेल तर पैसा हा केवळ कर्जाचा डोंगर ठरतो. ही गोष्ट आपल्या पूर्वजांना अर्थशास्त्राची पुस्तके न वाचताही कळत होती. 1888 साली बेळगावात सायकलींचे दुकान काढणारे लक्ष्मणराव किर्लोस्कर पुढे लोखंडी नांगर करू लागले. लोखंडाने जमीन नासते या समजुतीपायी शेतकरी तो नांगर घेईनात. बेळगावची जागाही सोडावी लागली, तेव्हा औंधच्या पंतप्रतिनिधींनी जमीन आणि कर्ज दिले आणि 1910 साली कुंडलच्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहू लागली. इचलकरंजीत 1904 साली विठ्ठलराव दातार यांनी पहिला यंत्रमाग चालविला, त्यामागे जहागीरदार घोरपडे यांचे उत्तेजन होते. आणि खुद्द या करवीरनगरीत गंगाराम कांबळे यांनी हॉटेल काढले, तेव्हा अस्पृश्याच्या हातचा चहा घेणार कोण, हा खरा प्रश्न होता. शाहू महाराज त्या हॉटेलपुढे स्वतः थांबून चहा घेऊ लागले. महाराजांनी दिलेल्या भांडवलाहून तो एक कप चहा अधिक मोलाचा होता. कारण त्याने गिऱ्हाईक मिळवून दिले.

संस्थाने गेली, ते योग्यच झाले. लोकांचे राज्य आले आणि साह्य हा कोणाच्या मर्जीचा भाग न राहता नागरिकाचा हक्क ठरला. योजनांचा दुष्काळ आहे असे कोणी म्हणू नये. 2015 साली आलेल्या मुद्रा योजनेत तारणावाचून कर्ज मिळते. दहा लाखांची मर्यादा 2024 साली, आधीचे कर्ज नीट फेडणाऱ्यांसाठी, वीस लाखांवर गेली. 2023 सालच्या विश्वकर्मा योजनेने सुतार, लोहार, कुंभार, चर्मकार, शिंपी अशा अठरा व्यवसायांतील कारागिरांना पंधरा हजार रुपयांची अवजारे आणि पाच टक्के व्याजाने कर्ज देऊ केले. 2008 साली सुरू झालेल्या पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात प्रकल्पाच्या पंधरा ते पस्तीस टक्के अनुदानाची तरतूद करण्यात आली. कागदावर पाहिले तर विहीर तुडुंब भरली आहे. प्रश्न पोहऱ्याचा आणि दोराचा आहे.

पहिली अडचण सल्ल्याची. उद्यम नोंदणी सरकारी संकेतस्थळावर पूर्णपणे मोफत होते; तरीही तिच्यासाठी शेकडो, क्वचित हजारो रुपये उकळणारी हुबेहूब दिसणारी दुकाने इंटरनेटवर थाटलेली आहेत. बँकेला प्रकल्प अहवाल हवा असतो; तो लिहून देणारा दलाल एकच अहवाल नाव बदलून दहा जणांना विकतो, आणि अर्जदाराला स्वतःच्याच धंद्याचा ताळेबंद सांगता येत नाही. रोजगार निर्मिती कार्यक्रमातील अनुदान कर्जदाराच्या हातात पडत नाही, ते तीन वर्षे बँकेत ठेवीच्या रूपाने अडकून राहते आणि नंतर कर्जात वळते होते, ही साधी गोष्ट त्याला आधी कोणी समजावून सांगत नाही. ‘सरकारचे पैसे येतील’ या भरवशावर तो खर्च करून बसतो. अज्ञानाची ही किंमत गरिबालाच सर्वांत जड जाते.

दुसरी आणि अधिक मोठी अडचण हत्याराची. नवा कारागीर कर्ज काढतो आणि बहुतेक सारे एका यंत्रात ओततो. यंत्र दारात येते. कच्चा माल घ्यायला, विजेचे बिल भरायला, महिनाभर घर चालवायला गाठीला काही उरत नाही. काम मिळते ते आठवड्यातून दोन दिवसांचे. हप्ता मात्र तिसाही दिवसांचा असतो. उद्योग बुडतो तो कारागीर आळशी असतो म्हणून नव्हे; खेळते भांडवल यंत्राने गिळलेले असते म्हणून. 1955 साली राष्ट्रीय लघुउद्योग महामंडळ स्थापन झाले, तेव्हा हे दुखणे जाणूनच भाडे-खरेदीची पद्धत काढण्यात आली होती : यंत्र आधी वापरा, हप्त्याने फेडा. आज त्याच्याही पुढे जाऊन विचारले पाहिजे की, प्रत्येकाने यंत्र विकत घेण्याची गरज तरी काय?

आयटीआय आणि तंत्रनिकेतनांच्या कार्यशाळा पाहाव्यात. लेथ आहेत, मिलिंग यंत्रे आहेत, वेल्डिंगचे संच आहेत, शिवणयंत्रे आहेत. जनतेच्या पैशाने घेतलेली ही सारी सामग्री वर्ग सुटले की कुलपात जाते, सुट्टीत तर आठवडेच्या आठवडे धूळ खाते. आणि त्याच संस्थेतून शिकून बाहेर पडलेला मुलगा त्याच लेथसाठी बँकेच्या पायऱ्या झिजवतो! विद्येचे दार उघडे आणि हत्याराचे बंद, हा कोणता न्याय? आम्ही काही वर्षे शाळेत शिकविले आहे. ज्या शाळेत वाचनालयाच्या कपाटाला कुलूप असते, तेथील मुले पुस्तकांची नावे पाठ करतात, पुस्तके वाचत नाहीत, एवढे आम्हांस ठाऊक आहे.

ही कल्पना नवी किंवा स्वप्नाळू आहे असेही नाही. पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी 1983 साली विज्ञान आश्रम स्थापन केला. हाताने काम करता करता शिकणे हे त्याचे सूत्र. 2002 साली तेथे सामायिक वापराची ‘फॅब लॅब’ निघाली, आणि खेड्यातील माणसाला आपल्या मनातील वस्तू प्रत्यक्ष घडवून पाहता येऊ लागली. एका खेड्याला जे साधते ते उद्यमनगराने नावारूपास आलेल्या या शहराला साधू नये काय? आपल्या चपलेला भौगोलिक मानांकन मिळाले. 2025 साली मिलानच्या फॅशन-मंचावर तिच्याशी मिळतीजुळती पादत्राणे झळकली आणि साऱ्या देशात वादळ उठले. ते योग्यच होते. परंतु त्या वादळानंतर चामडे कापणाऱ्या, शिवणाऱ्या किती हातांना सामायिक यंत्रशाळेचे दार उघडले, हेही कोणी विचारावे.

यावर ठरलेले आक्षेप आम्हांस माहीत आहेत. यंत्र मोडेल, अपघात होईल, सामान चोरीस जाईल. मग अनामत घ्या, विमा उतरवा, तासाचे भाडे आकारा, निदेशकाला जादा मानधन द्या आणि परीक्षा घेऊनच यंत्राला हात लावू द्या. अडचण आहे म्हणून दार बंद ठेवणे हे व्यवस्थेचे लक्षण नव्हे. न वापरता गंजलेल्या यंत्राची नुकसानभरपाई कोणता विमा देतो?

तिसरी अडचण गिऱ्हाइकाची; आणि गिऱ्हाईक मिळाले तर त्याच्याकडून पैसे मिळण्याची. 2006 सालच्या कायद्याने लघुउद्योजकाचे बिल पंचेचाळीस दिवसांच्या आत फेडण्याचे बंधन घातले आहे. न फेडल्यास बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज लागते. 2024 पासून प्राप्तिकराच्या नियमांनीही या थकबाकीला चाप लावला. पण पाण्यात राहून माशाशी वैर कोण करणार? मोठ्या गिऱ्हाइकाविरुद्ध तक्रार केली की पुढचे काम बंद, ही धास्ती कायद्याहून बलवत्तर ठरते. म्हणून येथे धाक कायद्याचा नको, लोकलज्जेचा हवा. आणि त्याचा आरंभ सार्वजनिक संस्थांनी स्वतःपासून केला पाहिजे.

आमच्या मागण्या तीनच आहेत. पहिली, जिल्ह्यातील आयटीआय आणि तंत्रनिकेतनांच्या कार्यशाळा सायंकाळी व सुट्टीच्या दिवशी नोंदणीकृत नवउद्योजकांना तासाच्या माफक भाड्याने खुल्या कराव्यात. दुसरी, महापालिकेच्या प्रत्येक विभागीय कार्यालयात आणि प्रत्येक तालुक्याच्या गावी आठवड्यातून दोन दिवस एक जाणता माणूस बसवावा. निवृत्त बँक अधिकारी, हिशेबनीस, फोरमन अशी माणसे या शहरात थोडी नाहीत. जिल्हा उद्योग केंद्राने त्यांना हाक मारावी, अर्ज विनामूल्य भरून द्यावेत आणि अनुदानाचा खरा अर्थ कर्ज काढण्यापूर्वी सांगावा. तिसरी, महापालिका, जिल्हा परिषद, साखर कारखाने आणि दूध संघ यांनी लघुउद्योजकांची पंचेचाळीस दिवसांपलीकडे थकलेली बिले दरमहा जाहीर करावीत. ती यादी छापण्यास या पत्राचे रकाने मोकळे आहेत.

शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या कारखानदारांनाही एक शब्द. आपल्यापैकी कित्येकांचे वडील, आजे कोणाच्या तरी शेडच्या कोपऱ्यात एक लेथ मांडून उभे राहिले. आज आपल्या शेडमध्येही एखादा कोपरा रिकामा असेल, एखादे यंत्र दिवसाचे चार तास बंद असेल. तो कोपरा देणे हे दान नव्हे, वडिलार्जित ऋणाची फेड आहे.

आणि तरुणांना आम्ही सांगू : कर्जाच्या अर्जाआधी गिऱ्हाईक शोधा. तीन माणसे तुमच्या कामाचे पैसे मोजण्यास तयार आहेत अशी खात्री झाल्यावरच यंत्राचे कोटेशन मागा. भाड्याने मिळेल ते विकत घेऊ नका. घरखर्चाची आणि धंद्याची वही पहिल्या दिवसापासून वेगळी ठेवा. हिशेब लिहायला आणि पैसे घ्यायला खिशातला मोबाइल पुरे आहे. 1959 साली मुंबईत गिरगावात सात गृहिणींनी ऐंशी रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. त्यांच्यापाशी यंत्र नव्हते, पोळपाट-लाटणे होते. त्यातून लिज्जत उभी राहिली.

परंतु तरुणांनी एवढे सारे पाळूनही त्यांच्यापुढे कुलूपच येणार असेल, तर दोष त्यांचा नाही. ज्यांच्या हाती किल्ल्या आहेत त्यांनी येत्या सुट्टीपूर्वी पहिले कुलूप काढावे. तोवर उद्योगावरची व्याख्याने थांबली तरी या शहराचे काही बिघडणार नाही.