समोर कोण बसले आहे?

गेल्या हिवाळ्यात राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात बिबट्याविषयी बोलण्याचे काम माझ्याकडे आले. वक्तृत्वाचे एक बक्षीस गाठीशी होते, त्यामुळे भीती अशी वाटली नाही. एक भाषण पाठ केले आणि तेच तीन ठिकाणी म्हटले. चूक झाली ती इथेच.

शाळेत टाळ्या पडल्या. मुलांना पटवायला फारसे कष्ट लागत नाहीत. एकटे जाऊ नका, मोठ्याने गाणी म्हणत चला, म्हटले की ती तिथेच गाऊ लागतात.

देवळातल्या सभेत मात्र माझी खरी परीक्षा झाली. मी आकडे सांगितले. जुन्नर परिसरात 1993 ते 2001 या काळात माणसांवर वर्षाला सरासरी 4 हल्ले होत. बिबटे पकडून दूरच्या जंगलात सोडणे सुरू झाल्यावर 2001 ते 2003 मध्ये ते सरासरी 17 वर गेले, असे विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2011 साली मांडले आहे. हा मुद्दा कॉलेजात चमकला असता. इथे एक आजोबा उठून म्हणाले, "ताई, आसंल ते खरं. पर माझी शेळी परवा गेली. पिंजरा कवा लावताय?" आता वाटते, तिथे आधी शेळीचेच बोलायला हवे होते. पंचनामा, भरपाई, गोठ्याला जाळी, आणि मग वेळ उरला तर आकडे.

पुढे मी म्हणाले, शेतात वाकून बसू नका, वाकलेले माणूस बिबट्याला जनावरासारखे दिसते. तेव्हा एक मावशी म्हणाल्या, "अगं पोरी, वाकल्याबिगर गवत निघतंय व्हय?" सगळ्या हसल्या. त्यांत माझी आईही बसली होती. ती हसली नाही. माझी फी त्याच वाकण्यातून आली आहे.

तिसरे भाषण उसतोड कामगारांच्या कोप्यांवर. बीडकडून आलेली ही माणसे उसाला अगदी खेटून झोपतात, आणि बिबट्याची मादी पिले घालते तीही उसातच. दिवसभर मोळ्या वाहून आलेल्यांपुढे मी पंधरा मिनिटे बोलले. एकीने भाकरी थापता थापता विचारले, "फडात जाताना लेकरू कुठं ठिवू?" माझ्या पाठ केलेल्या भाषणात याचे उत्तर नव्हते.

आमच्यातले काही जण म्हणतात, पोस्टर करू, फिल्म दाखवू. जरूर दाखवावी. पण समोरच्याच्या हातात काय आहे, हे आधी पाहायला नको का? ज्याच्या मोटारीला रात्रीच वीज मिळते, त्याला 'रात्री शेतात जाऊ नका' असे सांगणे म्हणजे त्याची थट्टाच. ते भाषण वीज कंपनीच्या साहेबांपुढे व्हायला हवे. तसेच कोप्या उभ्या उसापासून लांब, उजेडात कुठे घालायच्या, हे मुकादमाला आणि कारखान्याला टोळी उतरते त्याच दिवशी सांगायला हवे. आम्ही गेलो तेव्हा निम्मा हंगाम सरला होता. अर्थात साहेब लोक आमच्या सभेला येत नाहीत. तेव्हा आपणच तिकडे जायचे.

यंदा टोळ्या येण्याची तारीख विचारणारे पत्र मी कारखान्याला लिहिले आहे. लेकरांसाठी फडाजवळ एखादी बंद खोली मिळेल का, हेही त्यात आहे. पत्र सध्या सहीसाठी सरांच्या टेबलावर आहे.