प्रोस्टेटच्या किरणोपचारात रुग्ण ‘स्थिर’ ठेवायचा म्हणजे काय?

स्मरणिकेतील किरणोपचारावरचा लेख बहुतेक व्यवसायबंधू न वाचताच उलटतात, याची मला कल्पना आहे. तरीही हा विषय निवडला, कारण त्यातील एक प्रश्न आता माझ्यापेक्षा तुम्हालाच अधिक वेळा विचारला जातो. पी.एस.ए.ची तपासणी आज निपाणी, चिकोडी, संकेश्वर येथेही सहज होते. निदान होते, मूत्ररोगतज्ज्ञ किरणोपचाराचा सल्ला देतात, रुग्ण एखाद्या केंद्रात जाऊन खर्चाचा कागद घेऊन येतो आणि मग तो कागद आपल्या नेहमीच्या डॉक्टरांपुढे ठेवून विचारतो, “हा साचा करून घेणं गरजेचं आहे का?” साचा म्हणजे रुग्णाचे ओटीपोट हलू नये म्हणून करावयाचे साधन. त्याचे प्रकार अनेक, किमती वेगवेगळ्या आणि त्यांविषयीचे दावे किमतींहूनही मोठे. माझे मत प्रथमच सांगून टाकतो : बहुसंख्य रुग्णांना गुडघ्याखाली व पावलांशी नीट बसवलेला साधा आधार पुरेसा असतो, महाग साधन काही ठरावीक रुग्णांनाच लागते, आणि या दोन्हींहून अधिक महत्त्वाची असलेली गोष्ट त्या कागदावर लिहिलेलीच नसते.

प्रथम साधनांची ओळख करून घेऊ. सर्वांत साधा तो गुडघ्यांखालचा व पावलांचा आधार. फोमचा किंवा कठीण प्लास्टिकचा हा ठोकळा उपचाराच्या टेबलावर ठरलेल्या खाचेत अडकवतात. गुडघे थोडे वाकले की कंबर टेबलाला टेकते, मांड्या सैल पडतात, आणि पावले एकाच कोनात राहिल्याने खुब्याचे फिरणे आटोक्यात येते. एकच ठोकळा शेकडो रुग्णांना वर्षानुवर्षे चालतो. दुसरे साधन व्हॅक्यूम कुशन. बारीक पॉलिस्टायरीन मण्यांनी भरलेल्या पिशवीत रुग्णाला निजवून आतील हवा ओढून घेतली की ती त्याच्या अंगाच्या आकारात कडक होते. उपचार संपल्यावर हवा सोडून ती दुसऱ्या रुग्णाला वापरता येते. मात्र एखादे बारीक भोक पडले, तर पाचव्या-सहाव्या आठवड्यात ती हळूहळू मऊ पडू लागते आणि ते लवकर कोणाच्या ध्यानात येत नाही. तिसरे अल्फा क्रेडल. यात दोन द्रावणे मिसळून फुगणारा फेस रुग्णाभोवती घट्ट होऊ देतात. तो एकाच रुग्णाचा, नंतर टाकून द्यावयाचा. चौथा थर्मोप्लास्टिकचा साचा. जाळीदार पत्रा गरम पाण्यात मऊ करून ओटीपोटावर व मांड्यांवर पसरतात. काही मिनिटांत तो कडक होतो आणि रोज टेबलाच्या फळीला खटक्यांनी अडकवला जातो. दिसायला हा सर्वांत ‘शास्त्रीय’ दिसतो. रुग्णाच्या मुलांना बहुधा हाच दाखवला जातो.

या साधनांची तुलना अनेकांनी केली आहे. १९९६ साली शिकागोहून प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात चार साधने तपासली गेली. त्यांपैकी एकही निर्विवाद श्रेष्ठ ठरले नाही. २००० साली लंडनच्या रॉयल मार्सडेन रुग्णालयातील डॉक्टरांनी तीस रुग्णांत नेहमीची पद्धत आणि खास बनवलेले साधन यांची तुलना केली, तेव्हा खास साधनाचा लक्षणीय लाभ दिसला नाही. उलट त्याच वर्षी कॅनडातील ओटावा येथील गटाने रबरी उशी, अल्फा क्रेडल आणि थर्मोप्लास्टिक अशा तिन्हींत थर्मोप्लास्टिकला झुकते माप दिले. २००३ साली ऑस्ट्रेलियातील शहाण्णव रुग्णांच्या चाचणीत कडक साधन वापरल्यावर उपचारकेंद्राचे सरासरी विचलन ८.५ मिलिमीटरवरून ६.२ मिलिमीटरवर आले. आकडा महत्त्वाचा आहे आणि मी तो नाकारीत नाही. पण दोन बाबी ध्यानात घ्याव्यात. एक तर, कडक साधनानंतरही सहा मिलिमीटर शिल्लक राहतातच. दुसरे म्हणजे, हा काळ रोजच्या रोज टेबलावरच प्रतिमा घेऊन रुग्णाची जागा दुरुस्त करण्याच्या पद्धतीच्या आधीचा. आज जेथे रोज कोन बीम सी.टी. होतो, तेथे सुरुवातीची चूक टेबल सरकवूनच भरून निघते. मग साधनाचे काम एवढेच उरते, की प्रतिमा घेतल्यापासून किरण बंद होईपर्यंत माणूस हलू नये. ते काम आरामदायक साधन अधिक चांगले करते, घट्ट साधन नव्हे.

ओटावाच्याच डॉक्टरांची आणखी एक नोंद मला फार बोलकी वाटते. पालथ्या निजवलेल्या आणि थर्मोप्लास्टिकमध्ये आवळलेल्या रुग्णांत श्वासाबरोबर प्रोस्टेट ग्रंथीच वरखाली होत असल्याचे त्यांना आढळले, आणि साचा काढताच ही हालचाल कमी झाली. बाहेरून बांधले म्हणजे आत स्थिर झाले, हा समज किती फसवा आहे, हे यावरून ध्यानात यावे. डोक्यावरची कळशी कितीही सावरून धरली तरी आतले पाणी डुचमळतेच. प्रोस्टेट ही मूत्राशय आणि गुदाशय यांच्यामध्ये वसलेली ग्रंथी आहे. गुदाशयात वायू साठला की ती पुढे ढकलली जाते, रिकामा झाला की मागे येते. मूत्राशय भरले-रिते झाले की तिची जागा पुन्हा थोडी बदलते. हाडे आहेत तेथेच असतात, साचाही तेथेच असतो, ग्रंथी मात्र सरकलेली असते.

याचा परिणाम केवळ तात्त्विक नाही. २००५ साली अमेरिकेतील एम.डी. अँडरसन केंद्राने १२७ रुग्णांचा आढावा प्रसिद्ध केला. नियोजनाच्या सी.टी.च्या वेळी ज्यांचा गुदाशय फुगलेला होता, त्यांच्यात पी.एस.ए. पुन्हा वाढण्याचे प्रमाण अधिक आढळले. कारण उघड आहे. त्या दिवशी ग्रंथी जेथे होती तेथे नेम धरला गेला. पुढे आठवडेच्या आठवडे ग्रंथी मागे राहिली आणि नेम पुढे. नियोजनाच्या दिवशीची चूक रोज त्याच दिशेने घडते, तर रोजची किरकोळ हालचाल कधी इकडे तर कधी तिकडे जाते. ॲमस्टरडॅमच्या व्हान हर्क यांनी २००० साली मांडलेल्या सूत्रात ग्रंथीभोवती सोडावयाची जागा ठरवताना पहिल्या प्रकारच्या चुकीला अडीचपट वजन आहे, दुसऱ्या प्रकारच्या चुकीला केवळ ०.७ पट. म्हणजे सहा-सात आठवडे रुग्णाला आवळून ठेवण्याची धडपड करण्यापेक्षा पहिल्या सी.टी.च्या आदल्या दिवशी त्याचे पोट साफ झाले आहे की नाही, हे पाहणे अधिक फलदायी आहे. त्यासाठी इसबगोल लागतो आणि थोडा वेळ. दोन्ही स्वस्त आहेत, म्हणूनच बहुधा त्यांची जाहिरात होत नाही.

निपाणीजवळच्या एका खेड्यातील तंबाखू उत्पादक शेतकरी माझ्याकडे आले होते. वय सत्तरीच्या पुढे. एका केंद्रात, त्याचे नाव येथे अप्रस्तुत आहे, त्यांना सांगण्यात आले होते की अमुक एक आयात साचा केल्याशिवाय उपचार ‘वाया’ जाईल. त्यांच्या मुलाने मला सांगितले, “डॉक्टर, दोन म्हयनं झालं आबास्नी घरात बसवून ठेवलंय. साच्याच्या पैशाची जुळणी हुईना.” या आजारात, हार्मोनची इंजेक्शने चालू असताना, दोन महिन्यांनी सहसा अनर्थ होत नाही. पण त्या घराने पुढच्या हंगामाच्या पिकावर उचल घेतली होती, ती अशा साधनासाठी की ज्याचा त्या गृहस्थांना उपयोगही झाला नसता. ते अंगाने सडपातळ, मनाने शांत. संधिवातामुळे गुडघे सरळ होत नव्हते, म्हणून सपाट टेबलावर निजणे मात्र अशक्य. गुडघ्यांखाली ठोकळा ठेवताच ते इतके निवांत झाले की पहिल्या दिवशी तंत्रज्ञाला त्यांना हाक मारून उठवावे लागले.

याचा अर्थ महाग साधने निरुपयोगी आहेत असा मात्र कोणी काढू नये. स्थूल रुग्णात पोटाची कातडी हाडांवरून सरकते, तिच्यावरच्या खुणा रोज वेगळ्या ठिकाणी येतात. तेथे व्हॅक्यूम कुशन किंवा साचा खरोखर कामाला येतो. कंपवाताच्या रुग्णात तर तो हवाच. ओटीपोटातील लसिकाग्रंथींनाही किरण द्यावयाचे असतील तेव्हा प्रश्न आणखी नाजूक होतो. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाने २०२१ साली प्रसिद्ध केलेल्या चाचणीत, ज्यांच्यात लसिकाग्रंथी बाधित होण्याचा संभव अधिक अशा २२४ रुग्णांपैकी निम्म्यांच्या ओटीपोटालाही किरण दिले गेले. पाच वर्षांनंतर पी.एस.ए. न वाढता राहिलेल्यांचे प्रमाण त्यांच्यात ९५ टक्के, तर केवळ प्रोस्टेटला किरण मिळालेल्यांत सुमारे ८१ टक्के होते. आपल्याकडे येणारे बरेच रुग्ण याच, उशिरा निदान झालेल्या, गटातील असतात, म्हणून ही चाचणी आपल्यासाठी मोलाची. पण लसिकाग्रंथी हाडांच्या चौकटीबरोबर राहतात आणि प्रोस्टेट स्वतंत्रपणे सरकते. एकीसाठी टेबल सरकवले तर दुसऱ्यांचा नेम बिघडतो. कंबर किंचित फिरली असेल तर ती चूक टेबल सरकवून भरूनही येत नाही. अशा रुग्णात ओटीपोट घट्ट व एकसारखे बसवण्याला मी स्वतः आग्रही असतो.

त्यातच उपचारांची संख्या झपाट्याने घटत आहे. ब्रिटनमधील सी.एच.एच.आय.पी. चाचणीने २०१६ साली ३७ भेटींतील ७४ ग्रेऐवजी २० भेटींतील ६० ग्रे पुरेसे असल्याचे दाखवले. २०२४ साली पेस-बी चाचणीने कमी व मध्यम जोखमीच्या रुग्णांत पाच भेटींतील ३६.२५ ग्रेही तितकेच परिणामकारक ठरवले. निपाणीहून बेळगावला किंवा कोल्हापूरला एस.टी.ने रोज जाणाऱ्या वृद्धाला सदतीस फेऱ्यांऐवजी पाच फेऱ्या म्हणजे केवढा दिलासा! मात्र सदतीसांतली एक फेरी चुकीची गेली तर ते नुकसान पचते. पाचांतली एक चुकली तर एक पंचमांश उपचार चुकतो, आणि तो डोस बहुधा गुदाशयाच्या भिंतीला जातो. नंतर रक्तस्राव झाला की रुग्ण आमच्याकडे येत नाही, तुमच्याकडे येतो. म्हणून जेथे रोजची प्रतिमा नाही, तेथे पाच भेटींचा मोह कोणीही धरू नये, साचा कितीही भारी असला तरी.

आपल्या भागात आता यंत्रांची टंचाई पूर्वीइतकी नाही. एकेकाळी येथील रुग्णाला मिरजेची किंवा थेट मुंबईची वाट धरावी लागे. ३ जानेवारी २०२५ रोजी बेळगावात के.एल.ई. संस्थेच्या कर्करोग रुग्णालयाचे उद्घाटन राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते झाले. महाराष्ट्र शासनाने २०२३ साली सीमाभागातील ८६५ गावांना महात्मा ज्योतिराव फुले जनआरोग्य योजनेत घेण्याचा निर्णय केला; कर्नाटकाची स्वतःची योजना आहेच. त्या निर्णयावरून जे राजकारण झाले ते आपणा सर्वांना ठाऊक आहे. असो. माझे म्हणणे एवढेच, की साध्या ठोकळ्यावर भागते तेथे साच्याची वेगळी रक्कम रुग्णाच्या खिशातून जाऊ नये, आणि साचा खरोखर लागतो तेथे पैशाअभावी तो टळू नये.

आणखी एक सूचना मी आग्रहाने मांडतो. ऑस्ट्रेलियाचे ८.५ आणि ६.२ हे आकडे त्यांच्या रुग्णांचे, त्यांच्या टेबलांचे आणि त्यांच्या तंत्रज्ञांचे आहेत. बेळगाव, कोल्हापूर व मिरज परिसरातील प्रत्येक केंद्राने आपल्या वीस-तीस रुग्णांच्या रोजच्या प्रतिमा मोजून स्वतःची चूक किती मिलिमीटर, हे काढावे. प्रतिमा संगणकात साठलेल्या असतातच. हवी असते ती चार संध्याकाळची मेहनत. जे केंद्र आपला आकडा सांगू शकते, त्याच्याकडे रुग्ण पाठवावा. साधनाच्या कंपनीचे नाव विचारण्यात अर्थ नाही.

तुम्ही काय करावे, हेही सांगतो. उपचाराच्या आधी आठवडाभर बद्धकोष्ठ दूर करावा. पावटा, हरभरा, वाटाणा यांच्या उसळी तेवढे दिवस आवराव्यात. लघवी करून, ठरलेले पाणी पिऊन, ठरलेला वेळ थांबायचे, याचा सराव घरीच करून घ्यावा. प्रवासात तुंबलेली लघवी आणि मोजून भरलेले मूत्राशय यांत फरक आहे, हे समजावून द्यावे. ज्याला लघवी धरवतच नाही, त्याच्याविषयी केंद्राला आधी कळवावे, म्हणजे त्याचे नियोजन पहिल्यापासून कमी भरलेल्या मूत्राशयावर करता येते. नियोजन आणि उपचार यांत सारखेपणा हवा, भरलेपणाचे प्रमाण दुय्यम.

या सूचना रुग्णाला बहुधा इंग्रजी कागदावर किंवा टेबलावर निजल्यावर घाईघाईने मिळतात. खेड्यातल्या वृद्धाला त्यांतले अर्धेच कळते, आणि विचारण्याचा संकोच वाटतो. मी त्यांचा एक पानी कागद मोठ्या अक्षरांत तयार केला आहे, एका बाजूला मराठी व दुसऱ्या बाजूला कन्नड. त्यात पाणी पेल्यांत मोजून सांगितले आहे आणि कोणत्या वेळी पोट साफ व्हावे तेही लिहिले आहे. ज्यांना आपल्या दवाखान्यात ठेवण्यासाठी त्याच्या प्रती हव्या असतील, त्यांनी संमेलनाच्या दिवशी माझ्याकडून घ्याव्यात. फक्त पाण्याचे प्रमाण रुग्ण ज्या केंद्रात जाणार असेल तेथे विचारून, पेनाने भरून द्यावे. ती जागा मुद्दाम कोरी सोडली आहे.