माती, पाणी, ऊन विकायला काढणाऱ्यांना जाब विचारा



निसर्गोपचार म्हणजे आजाऱ्याला आपलं शरीर कसं सांभाळायचं ते शिकवून घरी पाठवणं. आज त्याची पॅकेजं झाली आहेत. 'डिटॉक्स'च्या नावाखाली आठवड्याचे हजारो रुपये उकळले जातात आणि वर रोग्याची चालू औषधं बंद केली जातात. आम्ही निसर्गोपचार मानणारी, आचरणारी माणसं आहोत. म्हणूनच हे पत्रक काढणं आम्हाला भाग पडलं.

गांधीजींनी गरिबांसाठी निसर्गोपचाराचं काम आधी पुणे शहरात, डॉ. दिनशा मेहतांच्या उपचारगृहात सुरू करायचं ठरवलं होतं. मग त्यांच्या लक्षात आलं की खेड्यातला आजारी माणूस काम बुडवून, भाडं खर्चून शहरात येणार नाही. उपचारानेच त्याच्या गावी जायला हवं. मार्च १९४६ मध्ये ते उरुळी कांचनला गेले आणि आसपासच्या गावकऱ्यांना तपासू लागले. त्यांच्याकडे द्यायला काय होतं? सूर्यस्नान, कटिस्नान, साधा आहार आणि रामनाम. स्वतः ते थोडेच दिवस राहिले. आश्रम पुढे मणिभाई देसाईंनी उभा केला. रोग्याला औषध विकायचं नाही, कसं जगायचं ते त्याच्या घरात शिकवायचं, ही त्यामागची भूमिका होती. हजारोंची पावती फाडणाऱ्यांनी गांधीजींचा फोटो भिंतीवर लावण्याआधी ही भूमिका वाचावी.

कारण या उपचारांना लागतं काय? मातीची पट्टी घ्या. शेणखत न पडलेल्या जागची, खडे नसलेली माती चाळायची, शंका वाटली तर तापवून घ्यायची, रात्री भिजत घालायची. सकाळी पातळ कापडावर बोटभर जाडीचा थर देऊन पोटावर अर्धा तास ठेवायची. कटिस्नानाला एक टब पुरतो: पाणी बेंबीपर्यंत, पाय बाहेर कोरडे, आणि ओल्या खरबरीत फडक्याने ओटीपोट हलक्या हाताने चोळत राहायचं. जर्मनीच्या लुई कुने यांनी ही रीत लोकप्रिय केली. घरातल्या कुणालाही हे दोन दिवसांत जमतं. दोन दिवसांत जमणारी गोष्ट रोग्याला न शिकवता दरवर्षी त्याला परत बोलावलं जातं, याला धंदा म्हणतात.

दुसरी गोष्ट याहून गंभीर आहे, तिच्यात माणसं जिवाला मुकतात. 'इथे आलात की इन्सुलिन सुटेल', 'कर्करोग बरा होईल', असं सांगणारे आज उजळ माथ्याने जाहिराती करतात. खुद्द गांधीजी काय म्हणत होते? 'आरोग्याची किल्ली'मध्ये विषमज्वरावरच्या मातीच्या पट्टीबद्दल त्यांनी प्रामाणिकपणे लिहिलं की ताप आपली मुदत घेतोच; पट्टीने रोग्याची तगमग कमी होते. तेवढाच दावा. आणि जानेवारी १९२४ मध्ये येरवड्याच्या कैदेत आंत्रपुच्छ सुजलं तेव्हा ससून रुग्णालयात कर्नल मॅडॉक यांच्या हातून त्यांनी शस्त्रक्रिया करून घेतली. निसर्गोपचाराचा एवढा मोठा पुरस्कर्ता टेबलावर झोपला, यात त्याच्या श्रद्धेला कमीपणा आला, असं आम्ही मानत नाही.

ज्या मुलाच्या शरीरात इन्सुलिन तयारच होत नाही, त्याचं इंजेक्शन तोडलं तर रक्तात आम्ल साचतं आणि ते मूल काही दिवसांत बेशुद्धीकडे जातं. लंघनाने, रसाहाराने ते इन्सुलिन येत नाही. साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या चालू ठेवून कडक उपास केला तर साखर इतकी खाली जाते की माणूस कोसळतो. आहार आणि चालणं यांनी अनेकांच्या गोळ्या कमी होतात, हे खरं आहे आणि आम्हाला त्याचा आनंद आहे. पण त्या तपासणी करून, डॉक्टरांनी कमी करायच्या असतात. रोगी खालावला की 'विष बाहेर पडतंय, घाबरू नका' म्हणणारा माणूस त्याचा मोलाचा वेळ खातो आहे. उलट्या, धाप, ग्लानी दिसली की त्याच क्षणी दवाखाना गाठा.

मधुमेह, कर्करोग, रक्तदाब, अपस्मार बरे करण्याच्या जाहिरातींना औषधे व जादुई उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा, १९५४ बंदी घालतो. कायदा आहे, तक्रारी नाहीत. अशी जाहिरात दिसली की तिचा फोटो काढून अन्न व औषध प्रशासनाकडे पाठवा.

केंद्रात जाण्याआधी विचारा: उपचार करणाऱ्याने निसर्गोपचाराचा साडेपाच वर्षांचा पदवी अभ्यासक्रम केला आहे का? हे उपचार घरी करायला शिकवणार का? आणि कुणी गोळी किंवा इन्सुलिन बंद करायला सांगितलं, तर ते सही-शिक्क्यानिशी लिहून मागा. लिहून दिलं नाही तर तिथून उठा. दिलंच, तर तो कागद आधी आपल्या डॉक्टरांना दाखवा, आणि तोवर एकही मात्रा चुकवू नका.