नॅनटकेट : घरे जपली, घरवाले परागंदा

अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यातील नॅनटकेट हे बेट मुख्य किनाऱ्यापासून सुमारे ३० मैल दूर, अटलांटिक महासागरात आहे. बेटाचे आणि त्यावरील गावाचे नाव एकच. २०२०च्या जनगणनेनुसार येथील लोकसंख्या अवघी १४,२५५. म्हणजे आपल्याकडील एखाद्या मध्यम गावाएवढी. खाऱ्या वाऱ्याने करड्या झालेल्या लाकडी फळ्यांची घरे, गोल दगडांनी मढवलेला मुख्य रस्ता आणि बंदरातील जुने धक्के असे हे चित्रासारखे गाव आहे. मात्र या चित्रात राहण्यासाठी भाड्याने घर मिळवणे शिक्षक, परिचारिका, सुतार, पोलीस अशा सामान्य नोकरदारांना जवळपास अशक्य झाले आहे. ऐतिहासिक गावे जपण्याचे धोरण यशस्वी झाल्यानंतर काय घडते, याचे नॅनटकेट हे बोलके उदाहरण आहे.

या गावाचा वारसा टिकला, तो श्रीमंतीमुळे नव्हे तर गरिबीमुळे. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात नॅनटकेट हे देवमाशांच्या शिकारीचे जगप्रसिद्ध केंद्र होते. देवमाशाच्या तेलावर अमेरिका आणि युरोपातील दिवे जळत होते. १८४०मध्ये बेटावर नऊ हजारांहून अधिक लोक राहत होते. पुढे बंदराच्या तोंडाशी साचलेल्या वाळूमुळे मोठी जहाजे आत येईनाशी झाली. १८४६च्या भीषण आगीत गावाचा मोठा भाग भस्मसात झाला. १८४९नंतर कॅलिफोर्नियातील सोन्याने तरुणांना ओढून नेले आणि १८५९मध्ये पेनसिल्व्हेनियात खनिज तेल सापडल्यावर उरलासुरला धंदाही बसला. १८८०पर्यंत लोकसंख्या चार हजारांच्या खाली आली. जुनी घरे पाडून नवी बांधण्याइतका पैसाच कोणाकडे नव्हता. म्हणून ती जशीच्या तशी उभी राहिली.

विसाव्या शतकात या दैन्याचेच भांडवल झाले. १९५५मध्ये येथे ऐतिहासिक क्षेत्राचा कायदा लागू झाला. राज्यातील अशा पहिल्या कायद्यांपैकी तो एक होता. १९६६मध्ये राष्ट्रीय वारसास्थळाचा दर्जा मिळाला आणि पुढे संपूर्ण बेटच ऐतिहासिक क्षेत्र ठरले. आज खिडकीची चौकट बदलायची वा दाराला वेगळा रंग द्यायचा, तरी ऐतिहासिक क्षेत्र आयोगाची परवानगी लागते. या शिस्तीमुळे गावाचे रूप अबाधित राहिले, हे मान्य केलेच पाहिजे. तथापि आयोगाचा अधिकार घराच्या बाह्य रूपापुरता आहे. त्या घरात वर्षभर कुटुंब नांदते की ते दहा महिने कुलूपबंद असते, याच्याशी त्याला कर्तव्य नाही. कायद्याने लाकूड जपले. माणसे जपण्याची तरतूद त्यात नव्हती.

दुसरीकडे, साठच्या दशकात वॉल्टर बायनेकी या उद्योजकाने बंदराच्या परिसराचा कायापालट केला. गर्दी करणाऱ्या सामान्य पर्यटकांपेक्षा थोडे, पण खर्चिक पाहुणे बरे, असे हे धोरण होते. ते अपेक्षेपेक्षा अधिक यशस्वी झाले. आज बेटावरील निम्म्याहून अधिक घरे हंगामी वापराची आहेत आणि घरांच्या किमती अनेक लाख डॉलरांच्या घरात गेल्या आहेत. पगारावर जगणाऱ्याने घर विकत घेण्याचा प्रश्नच उरत नाही. त्याच्यापुढे भाड्याचाच मार्ग राहतो.

भाड्याचे गणितही विचित्र आहे. उन्हाळ्यातील एका आठवड्याचे भाडे जेथे सर्वसाधारण गावातील अनेक महिन्यांच्या भाड्याला भारी पडते, तेथे घरमालक वर्षभराचा करार कशाला करील? त्यामुळे अनेक भाडेकरूंना सप्टेंबर-ऑक्टोबरपासून मेपर्यंतचाच करार मिळतो. उन्हाळा आला की सामान बांधायचे. कुठे तळघरात, कुठे मित्राच्या खोलीत दिवस काढायचे आणि पर्यटक परतले की पुन्हा बिऱ्हाड हलवायचे. या दरवर्षीच्या स्थलांतराला बेटावर पत्त्यांच्या पिसणीची उपमा दिली जाते. ज्यांना हेही जमत नाही, ते केप कॉडच्या किनाऱ्यावर राहतात आणि रोज बोटीने कामावर येतात. जलद बोटीलाही एका बाजूने तासभर लागतो. समुद्र खवळला तर तीही बंद.

मॅसॅच्युसेट्सचा भाडेकायदा भाडेकरूविरोधी आहे, असे नाही. घरमालकाला एका महिन्याच्या भाड्याहून अधिक अनामत घेता येत नाही. ती व्याज देणाऱ्या स्वतंत्र खात्यात ठेवावी लागते आणि घर सोडल्यावर ३० दिवसांत हिशेब द्यावा लागतो. १ ऑगस्ट २०२५पासून दलाली ज्याने दलाल नेमला त्यानेच द्यायची, असाही नियम झाला. परंतु हे संरक्षण करार झाल्यानंतरचे आहे. भाड्यावर कमाल मर्यादा घालण्याचा अधिकार शहरांना नाही. १९९४च्या सार्वमताने तो काढून घेतला. करारच नऊ महिन्यांचा असेल, तर दहाव्या महिन्याचे काय, याचे उत्तर कायद्यात सापडत नाही.

साहजिकच रोष अल्पमुदतीच्या पर्यटक भाड्यावर वळला. राज्याने २०१९पासून ३१ दिवस वा त्याहून कमी मुदतीच्या भाड्यावर कर लावला, पण कर म्हणजे नियंत्रण नव्हे. मार्च २०२४मध्ये राज्याच्या जमीन न्यायालयाने, निवासी भागातील घराचा मुख्य वापर म्हणून असे भाडे नॅनटकेटच्या नियमांत बसत नाही, असा निर्णय दिला. नगरसभेत वर्षानुवर्षे ठराव येत राहिले आणि आवश्यक बहुमताअभावी पडत राहिले. अखेर नोव्हेंबर २०२५मध्ये मतदारांनी मोठ्या बहुमताने या भाड्याला नियमांतच मान्यता दिली. हा केवळ श्रीमंतांचा विजय म्हणून सोडून देता येणार नाही. अनेक जुन्या स्थानिक कुटुंबांचे कर्ज आणि कर याच उत्पन्नावर भागतात. ज्या व्यवस्थेने शेजाऱ्याला बेघर केले, तीच आपल्याला घरात टिकवून धरते, अशी ही कोंडी आहे.

या कोंडीतून बाहेर पडण्याचे साधन बेटावर पूर्वीच तयार झाले होते. १९८३मध्ये नॅनटकेटने मालमत्तेच्या विक्रीवर दोन टक्के शुल्क आकारून मोकळ्या जमिनी विकत घेणारी ‘लँड बँक’ उभारली. ही अमेरिकेतील अशा प्रकारची पहिली संस्था. तिच्या आणि खासगी न्यासांच्या कामामुळे बेटाची जवळपास निम्मी जमीन बांधकामापासून सुरक्षित आहे. निसर्गाच्या दृष्टीने हे कौतुकास्पदच. पण बांधण्याजोगी जमीन कमी झाली, की उरलेली महागते. म्हणून असेच शुल्क रहिवाशांच्या घरांसाठी आकारू द्यावे, अशी मागणी नगरसभेने राज्याकडे वारंवार केली. राज्यपाल मॉरा हिली यांच्या २०२३च्या विधेयकात तशी तरतूद होतीही. परंतु ऑगस्ट २०२४मध्ये मंजूर झालेल्या गृहनिर्माण कायद्यातून ती वगळली गेली. आई जेवू घालीना आणि बाप भीक मागू देईना, अशी ही अवस्था आहे. माळरान आणि वाळूच्या टेकड्यांसाठी जे शुल्क योग्य ठरते, ते शाळेतील शिक्षकासाठी अयोग्य का, याचे समाधानकारक उत्तर विधिमंडळाने दिलेले नाही.

त्याच कायद्याने एक पाऊल मात्र पुढे टाकले. नॅनटकेट, मार्थाज व्हिन्यर्ड यांसारख्या ठिकाणांना ‘हंगामी वस्ती’ असा स्वतंत्र दर्जा देण्यात आला. त्यामुळे वर्षभर राहणाऱ्यांसाठीच राखीव घरे निर्माण करणे वा तशी अट विकत घेणे स्थानिक संस्थांना सोपे होईल. मुख्य राहत्या घराची आणि सुट्टीतल्या घराची गरज वेगळी असते, हे कायद्याने मान्य केले, हे त्याचे महत्त्व. पण निधीचा कायम स्रोत नसेल तर हा दर्जा कागदावरच राहण्याचा धोका आहे.

वारसा म्हणजे केवळ इमारती, ही कल्पना अपुरी आहे. नॅनटकेटचा इतिहास घडवला तो खलाशी, पिंप बनवणारे कारागीर, दोर वळणारे मजूर आणि पती दोन-तीन वर्षे समुद्रावर असताना दुकाने चालवणाऱ्या स्त्रियांनी. त्यांची घरे आज डौलात उभी आहेत; पण त्यांच्यासारखा रोजगार करणाऱ्याला आज तेथे खोलीही परवडत नाही. जुलैमध्ये किती पर्यटक आले, यावर गावाची भरभराट मोजली जाते. गाव जिवंत आहे की नाही, हे मात्र जानेवारीच्या रात्री किती खिडक्यांत दिवा दिसतो, यावरूनच ठरेल.