कोटावरचे केस

१८ ऑगस्ट १९०३ ची सकाळ. रात्रभर पाऊस पडून गेला होता. इंग्लंडमधील स्टॅफर्डशायर परगण्यात ग्रेट वायर्ली हे कोळसाखाणींचे गाव आहे. तेथे कामावर निघालेल्या एका पोराला खाणीच्या शेतात एक तट्टू रक्तबंबाळ अवस्थेत उभे दिसले. कोणीतरी धारदार शस्त्राने त्याचे पोट चिरले होते. फेब्रुवारीपासून त्या परिसरात घोडे, गायी, मेंढ्या अशाच रीतीने मारल्या जात होत्या. त्यात चोरी नव्हती आणि मालकांशी कोणाचे वैरही दिसत नव्हते. मुक्या जनावरांचा जीव घेऊन कोणाला काय मिळत असेल, याचा उलगडा गावाला होत नव्हता.

पोलिसांना मात्र तो त्याच दिवशी झाला. बर्मिंगहॅममधील एका कचेरीत जाऊन त्यांनी २७ वर्षांच्या एका वकिलाला अटक केली. त्याचे नाव जॉर्ज एदलजी.

हे आडनाव त्या खेड्यात कसे पोहोचले, त्याचा मार्ग मुंबईहून जातो. जॉर्जचे वडील शापूरजी हे मुंबईचे पारशी. एल्फिन्स्टन कॉलेजात शिकलेले. तरुणपणी त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला, १८६६ मध्ये ते इंग्लंडला गेले, तेथेच धर्मोपदेशक झाले आणि १८७४ मध्ये एका इंग्रज स्त्रीशी त्यांचा विवाह झाला. पुढे ग्रेट वायर्लीच्या चर्चची जबाबदारी त्यांच्याकडे आली. खाणमजुरांच्या त्या वस्तीत रविवारी व्यासपीठावरून उपदेश करणारा गृहस्थ काळ्या वर्णाचा, हिंदुस्थानी असावा, हे काहींच्या गळी उतरले नाही. तोंडावर कोणी फारसे बोलत नसे. बोलणारे निनावी पत्रांतून बोलत.

पहिली पत्रे १८८८ साली आली. १८९२ पासून तर त्यांचा पूर लोटला. शापूरजींच्या नावाने वर्तमानपत्रांत खोट्या जाहिराती झळकू लागल्या. दुकानदारांना त्यांच्या नावे मागण्या जात आणि न मागवलेला माल दाराशी येऊन पडे. ज्याने तो पाठवला त्या व्यापाऱ्याचेही नुकसान आणि ज्याच्या दारी आला त्याचीही फजिती. एके दिवशी वॉल्सॉल येथील शाळेची चोरीस गेलेली किल्ली धर्मोपदेशकांच्या उंबऱ्यावर सापडली. परगण्याचे पोलीस प्रमुख कॅप्टन अॅन्सन यांनी निष्कर्ष काढला तो असा की, हा सारा उद्योग शापूरजींच्या थोरल्या मुलाचाच आहे. किल्लीबद्दल त्या मुलाने कितीही कानांवर हात ठेवले तरी आपण विश्वास ठेवणार नाही, असे त्यांनी वडिलांना लेखी कळवले. पुरावा हाती येण्यापूर्वी निकाल लिहून ठेवण्याचा हा प्रकार होता. त्या निकालाची अंमलबजावणी तेवढी दहा वर्षांनी झाली.

मधल्या काळात पत्रे थांबली. जॉर्ज कायदा शिकला, १८९८ मध्ये गुणवत्तेसह उत्तीर्ण झाला, बर्मिंगहॅमला त्याने कचेरी थाटली. १९०१ मध्ये त्याचे एक छोटे पुस्तक निघाले. रेल्वेने प्रवास करणाऱ्या सामान्य माणसाचे कायदेशीर हक्क कोणते, हा त्याचा विषय. रोज सकाळच्या गाडीने जावे, संध्याकाळच्या गाडीने परतावे, जेवण्यापूर्वी थोडे फिरून यावे, असा नेमाने चालणारा हा अबोल माणूस. रात्री तो वडिलांच्याच खोलीत झोपे आणि खोलीला आतून कुलूप असे. कित्येक वर्षांची ही रीत होती.

१९०३ मध्ये जनावरांवरील हल्ल्यांबरोबर निनावी पत्रेही पुन्हा सुरू झाली. त्याच गाडीने शाळेला जाणाऱ्या एका मुलाच्या नावाची खोटी सही करून कोणीतरी पोलिसांना कळवले की, हे काम एका टोळीचे आहे आणि जॉर्ज एदलजी त्या टोळीत आहे. पोलिसांनी या पत्रांचा लावलेला अर्थ थक्क करणारा होता. पत्रे खोटी आहेत हे त्यांनी मान्य केले. पण ती जॉर्जनेच लिहिली असे म्हटले. म्हणजे स्वतःचे नाव गुन्हेगार म्हणून पोलिसांना कळवणारा गुन्हेगार! अभ्याख्यान, म्हणजे दुसऱ्यावर खोटा आळ घेणे, याची गणना पापस्थानांत करणाऱ्या शास्त्रकारांनाही, आळ ज्याच्यावर आला त्यालाच आळ घेणारा ठरवण्याची ही युक्ती सुचली नसती.

ऑक्टोबर १९०३ मध्ये स्टॅफर्डच्या सत्र न्यायालयात खटला उभा राहिला. पुरावा मुख्यतः चार गोष्टींचा. घरातून जप्त केलेला ओलसर कोट, चिखलाने भरलेले बूट, शेतातील पाऊलखुणा आणि पत्रांतील हस्ताक्षर.

कोट सकाळी जप्त झाला तेव्हा त्यावर केस आहेत, असे पोलीस म्हणाले. तो केस नसून दोरा आहे, असे घरच्या तिघांनी तिथल्या तिथे सांगितले. कोट त्याच क्षणी कागदात गुंडाळून, सर्वांच्या समक्ष मोहोरबंद करता आला असता. तसे झाले नाही. तो पोलिसांच्या ताब्यात राहिला आणि डॉक्टरांनी तपासला तो रात्री. तेव्हा त्यावर घोड्याचे २९ केस निघाले. त्याच दिवशी मारलेल्या तट्टाच्या कातड्याचा एक तुकडाही कापून पोलिसांनी त्याच डॉक्टरांकडे आणला होता, आणि कोटावरचे केस त्या तुकड्यावरील केसांशी तंतोतंत जुळत होते. माल आणि नमुना एकाच हाताने हाताळला गेला तर त्या नमुन्याला बाजारात काय किंमत राहते, हे कोणत्याही पेढीवरील मुनीम सांगू शकेल. ज्युरीला ते कोणी नीट सांगितले नाही.

पाऊलखुणांचे तर त्याहून विचित्र. खाणीवरची माणसे सकाळपासून शेत तुडवून गेली होती. त्यानंतर पोलिसाने जॉर्जचा बूट तेथे नेला, खुणेशेजारी दाबला आणि दोन ठसे डोळ्यांनी ताडून पाहिले. खुणेचा साचा घेतला गेला नाही.

हस्ताक्षराची साक्ष दिली थॉमस गुरिन या तज्ज्ञांनी. याच गुरिन यांनी १८९६ मध्ये लंडनच्या अॅडॉल्फ बेक खटल्यात हस्ताक्षर जुळत असल्याची साक्ष दिली होती. तेथेही अनेक स्त्रियांनी फसवणारा भामटा म्हणून भलत्याच माणसाकडे बोट दाखवले आणि बेक यांना सात वर्षांची शिक्षा झाली. आपली साक्ष चुकली होती, ही कबुली गुरिन यांना १९०४ मध्ये द्यावी लागली. पण तोवर स्टॅफर्डचा निकाल लागून वर्ष होत आले होते.

या खटल्यात खरे मर्म होते ते वेळेचे. सरकार पक्षाने आधी म्हटले की गुन्हा संध्याकाळी घडला, जॉर्ज फिरायला गेला तेव्हा. त्या फेरीत त्याला पाहणारे लोक निघाले आणि साडेनऊला तो घरी परतल्याचे ठरले. शिवाय जखम ताजी असून पहाटेच्या सुमाराची असावी, असे जनावरांच्या डॉक्टरांनी सांगितले. तेव्हा गुन्ह्याची वेळ हलवून मध्यरात्रीनंतर नेण्यात आली. त्या वेळी जॉर्ज वडिलांबरोबर कुलूपबंद खोलीत होता. शापूरजींनी साक्षीत सांगितले की आपली झोप सावध आहे, दार उघडले असते तर आपल्याला जाग आली असती. बापाची साक्ष म्हणून ती बाजूला पडली. जॉर्ज कोठडीत असताना त्याच भागात आणखी एक घोडा मारला गेला, तर ते टोळीतील दुसऱ्या कोणाचे काम ठरले.

ज्युरीने दोषी ठरवले. सात वर्षे सक्तमजुरी. वकिलांच्या पटावरून नाव कमी झाले.

त्या काळी इंग्लंडमध्ये उधारीचा दावा हरलेल्या व्यापाऱ्याला वरच्या न्यायालयात जाता येत असे. फौजदारी शिक्षा झालेल्या माणसाला मात्र वस्तुस्थितीच्या मुद्द्यावर दाद मागायला न्यायालयच नव्हते. गृहमंत्र्यांकडे दयेचा अर्ज करणे एवढाच मार्ग. सुमारे १०,००० लोकांच्या सह्यांचा अर्ज गेला, त्यात शेकडो वकील होते. बहामा बेटांचे माजी मुख्य न्यायाधीश येल्व्हर्टन यांनी प्रकरण हाती घेतले. शापूरजींनी १९०५ मध्ये सारी हकीकत छापून स्वतःच पुस्तिका काढली. ऑक्टोबर १९०६ मध्ये, तीन वर्षे झाल्यावर, जॉर्जला एकाएकी सोडण्यात आले. निर्दोष म्हणून नव्हे, चूक झाली म्हणूनही नव्हे. कारणच सांगितले नाही. पोलिसांकडे हजेरी लावण्याची अट कायम होती आणि वकिलीला बंदी होतीच.

जॉर्जने आपली कथा वर्तमानपत्रांकडे पाठवली. ती शेरलॉक होम्सचे जनक आर्थर कॉनन डॉयल यांच्या वाचनात आली. लंडनच्या एका हॉटेलात भेट ठरली. डॉयल यांना यायला थोडा उशीर झाला. दालनात शिरताच त्यांना दिसले की जॉर्ज वर्तमानपत्र डोळ्यांशी अगदी टेकवून, जरा तिरके धरून वाचतो आहे. डॉयल मुळात डॉक्टर, नेत्ररोगांचा अभ्यास केलेले. ज्याला हातभर अंतरावरचे धड दिसत नाही, तो अंधाऱ्या पावसाळी रात्री रेल्वेचे रूळ ओलांडून, कुंपणे चुकवत, पहारा देणाऱ्या पोलिसांच्या नजरेआडून अर्धा मैल जाईल आणि शेतात तट्टू गाठील, हे त्यांना पटेना. पुढे कादंबरीत आणि दूरदर्शन मालिकेत हीच घटना गाजली. ज्युलियन बार्न्स यांची २००५ ची ‘आर्थर अँड जॉर्ज’ ही कादंबरी याच दोघांवर आहे. पण न्यायाच्या तराजूत डोळ्यांपेक्षा जड होती ती सरकलेली वेळ आणि न गुंडाळलेला कोट. डॉयल स्वतः वायर्लीला गेले, वाट चालून पाहिली, कागद तपासले आणि जानेवारी १९०७ मध्ये ‘डेली टेलिग्राफ’मध्ये सगळे मांडले. लेखांवर त्यांनी हक्क राखून ठेवला नाही, कोणीही फुकट छापावेत म्हणून.

सरकारने तिघांची समिती नेमली. तिच्यातील एक सभासद कॅप्टन अॅन्सन यांचे नातेवाईक होते. मे १९०७ मध्ये अहवाल आला. जनावरांच्या गुन्ह्यातील शिक्षा चुकीची, हे समितीने मान्य केले. मात्र पत्रे जॉर्जनेच लिहिली आणि आपल्यावरील संकट काही अंशी त्याने स्वतःच ओढवून घेतले, असे जोडून दिले. म्हणून क्षमा मिळाली, भरपाई मिळाली नाही. बेक यांना सरकारने ५,००० पौंड दिले होते. जॉर्जच्या तीन वर्षांच्या खात्यावर एक पैही जमा झाली नाही.

वकिलांच्या संस्थेने नोव्हेंबरात त्याचे नाव पुन्हा पटावर घेतले. आधी बेक, मग एदलजी, अशा प्रकरणांनी लोकमत तापले होते. त्याच वर्षी फौजदारी अपिलाचा कायदा झाला आणि १९०८ पासून इंग्लंडमध्ये स्वतंत्र फौजदारी अपील न्यायालय बसू लागले. सप्टेंबर १९०७ मध्ये डॉयल यांचा दुसरा विवाह झाला. मोजक्या पाहुण्यांत जॉर्ज होता.

डॉयल यांच्याबद्दल एक गोष्ट त्यांचे चाहते सहसा सांगत नाहीत. खरा गुन्हेगार कोण, याचा शोध घेताना त्यांनी एका स्थानिक माणसावर बोट ठेवले आणि गृहखात्याकडे टिपणे धाडली. खात्याला तो पुरावा पुरेसा वाटला नाही आणि त्या माणसावर जनावरांचा खटला कधीच झाला नाही. एका निरपराध्याला सोडवणाऱ्याने दुसऱ्याकडे बोट दाखवताना तीच सावधगिरी बाळगली होती काय, हा प्रश्न उरतोच.

शापूरजी १९१८ मध्ये वारले, अखेरपर्यंत त्याच गावात, त्याच चर्चमध्ये काम करीत. जॉर्ज लंडनला वकिली करू लागला, बहीण मॉड त्याच्याबरोबर राहू लागली. दोघेही अविवाहित राहिली. १९३४ मध्ये वायर्लीजवळच्या डार्लस्टन गावच्या एका मजुराला धमकीची निनावी पत्रे लिहिल्याबद्दल अटक झाली. हा उद्योग आपण तीस वर्षांहून अधिक काळ करीत होतो, १९०३ च्या प्रकरणातील काही पत्रेही आपलीच, असे त्याने कबूल केले. ५८ वर्षांच्या जॉर्जने वर्तमानपत्रात एक लेख लिहिला. समितीचे ते वाक्य सरकारने मागे घेतले नाही. १७ जून १९५३ रोजी, ७७ व्या वर्षी, वेल्विन गार्डन सिटी येथे जॉर्जचे निधन झाले. भरपाईचा प्रश्न तसाच राहिला.