परिपाठातील प्रार्थना आणि पालकांची संमती

परिपाठात प्रार्थना सुरू झाली की पी.टी.चे सर रांगांमधून फिरतात. हात जोडलेत का, डोळे मिटलेत का, हे बघत जातात. एखाद्याचे हात खाली असले तर डोक्यात टपली बसते. शिस्तीचा भाग म्हणून आपण हे वर्षानुवर्षे करत आलो आहोत. प्रार्थना कोणती असावी यावर शिक्षकांच्या खोलीत तावातावाने वाद होतात. त्या टपलीवर मात्र कोणी बोलत नाही.

घटनेचे कलम 28 अगदी आपल्यासाठीच लिहिलेले आहे. पूर्णतः सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण देता येत नाही. म्हणजे जिल्हा परिषद, नगरपालिकेच्या शाळा आल्या. अनुदानित किंवा मान्यताप्राप्त शाळेत ते देता येते, पण त्यात किंवा उपासनेत कोणाला सक्तीने बसवता येत नाही. मूल अज्ञान असेल तर पालकाची संमती लागते. पालकाने हरकत घेतली तर सूट, अशी ही तरतूद नाही. आधी संमती, मग सहभाग. आपण हा क्रम बिनदिक्कत उलटा लावला आहे. प्रवेश अर्जात धर्म, जात, आधार क्रमांक सगळे विचारतो, हे तेवढे विचारत नाही. ‘आमच्याकडे कुणाची तक्रारच नाही,’ हे मुख्याध्यापकांचे ठरलेले उत्तर. ज्याला पोर आपल्याच हाताखाली दहावीपर्यंत ठेवायचे आहे, तो कशाला तोंड उघडेल?

कोर्टाची पायरी चढलेल्यांचे अनुभव बोलके आहेत. 1985 मध्ये केरळात राष्ट्रगीताच्या वेळी तीन भावंडे आदराने उभी राहिली, पण धर्मश्रद्धेमुळे गायली नाहीत, म्हणून त्यांना शाळेतून काढले. 1986 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना परत घ्यायला लावले. नाशिकच्या एका अनुदानित शाळेतील शिक्षकाने प्रार्थनेला हात जोडले नाहीत, तर त्याची वरिष्ठ वेतनश्रेणी अडवली गेली. हात जोडण्याची सक्ती मूलभूत हक्कांच्या आड येते, असा निर्वाळा मुंबई उच्च न्यायालयाने 2013 मध्ये दिला. निकाल आपल्याच राज्यातला, आपल्याच पेशातला. तरी किती संस्थाचालकांनी तो वाचला असेल?

‘आमची प्रार्थना सर्वांचीच आहे,’ हा युक्तिवाद मला पुरेसा वाटत नाही. न्यूयॉर्क राज्याच्या शिक्षण मंडळाने कोणत्याही एका पंथाची नसलेली, जेमतेम 22 शब्दांची प्रार्थना तयार केली होती, नको असलेल्या मुलांना सूटही होती. तरी 1962 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ती घटनाबाह्य ठरवली. आपल्याकडे केंद्रीय विद्यालयांच्या संस्कृत प्रार्थनेविरुद्धची याचिका 2019 मध्ये दोन न्यायमूर्तींनी घटनापीठापुढे जावी म्हणून सरन्यायाधीशांकडे पाठवली. सुनावणीत सरकारी बाजूने सांगितले, की सर्वोच्च न्यायालयाचे बोधवाक्यही महाभारतातलेच आहे. मुद्दा बिनतोड वाटतो, पण बोधवाक्यापुढे कोणी रोज वकिलांना डोळे मिटून उभे करत नाही.

खरी अडचण पसायदानाची. ज्ञानेश्वरीच्या अठराव्या अध्यायाच्या शेवटच्या ओव्या मराठीच्या तासाला शिकवायला कोणाची परवानगी नको. तुकोबा, शेख महंमद, चक्रधर यांना वगळून मराठी शिकवता येईल तरी कसे? धर्मांविषयी शिकवणे म्हणजे धार्मिक शिक्षण नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाने 2002 मध्ये स्पष्ट केले आहे. पण त्याच ओव्या परिपाठाच्या शेवटी हात जोडून म्हणवल्या की ती उपासना होते का? पसायदान कोणा एका पंथासाठी काही मागत नाही, म्हणून ते बंद करा असे मी म्हणणार नाही. मात्र ते म्हणताना हात जोडलेच पाहिजेत, हा आग्रह ज्ञानदेवांचा नाही, आपला आहे.

येत्या जूनच्या प्रवेश अर्जात अनुदानित शाळांनी संमतीची एक ओळ घालावी. त्यासाठी जीआरची वाट बघायला नको, व्यवस्थापन समितीचा ठराव पुरे. संमती नसलेल्या मुलाला वर्गात कोंडू नये, की त्या वेळात फळा पुसायला लावू नये. तो रांगेत गप्प उभा राहिला तरी चालावे. शिक्षकांनाही तीच मुभा हवी, आणि गोपनीय अहवालात त्याची नोंद होता कामा नये.