मध्यस्थाकडे जावे की लोकपालाकडे?

वरच्या फ्लॅटच्या न्हाणीघरातून खालच्या घराच्या छताला ओल येते. खालचे म्हणतात दुरुस्ती तुम्ही करा, वरचे म्हणतात बांधकामच कच्चे. पुण्या-मुंबईच्या सोसायट्यांत हा तंटा नेहमीचा. दुसरीकडे, वर्षानुवर्षे हप्ते भरलेल्या कुटुंबाचा आरोग्य विम्याचा दावा कंपनी त्रोटक पत्र पाठवून फेटाळते. दोघांनाही हल्ली एकच सल्ला मिळतो: कोर्टाची पायरी चढू नका, बसून मिटवा. पहिल्यांसाठी तो शहाणपणाचा आहे. दुसऱ्यांसाठी मात्र त्याचा अर्थ हक्काच्या पैशांवर पाणी सोडणे असा होऊ शकतो.

मध्यस्थ निकाल देत नाही. तो दोघांना बोलते करतो, गरज पडली तर वेगवेगळे भेटतो आणि दोघांच्या सह्या झाल्या तरच तडजोड होते. उद्या ज्यांना एकाच जिन्यात भेटायचे आहे, त्यांच्यासाठी याहून चांगला मार्ग नाही. १५ ऑगस्ट २००७ रोजी महाराष्ट्रात सुरू झालेल्या तंटामुक्त गाव मोहिमेचा पायाही हाच होता. २०२३ च्या मध्यस्थी कायद्यातही शेजारपाजारच्या तंट्यांसाठी सामुदायिक मध्यस्थीचे स्वतंत्र प्रकरण आहे.

विमा कंपनीशी मात्र ग्राहकाचे असे शेजार नसते. तिच्याकडे वकील आहेत, पैसा आहे आणि थांबायला वेळही आहे. रुग्णालयाचे बिल भरून रिकाम्या झालेल्या माणसाला अशा समोरच्याबरोबर तडजोडीला बसवले, तर तो मिळेल ते घेऊन उठतो.

अशा माणसासाठी विमा लोकपाल आहे. पुण्यात आणि मुंबईत त्याची कार्यालये आहेत. आधी कंपनीकडे लेखी तक्रार करायची, महिनाभरात उत्तर आले नाही किंवा आलेले पटले नाही तर लोकपालाकडे जायचे. फी नाही. भरपाईची मर्यादा ५० लाख रुपये. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो, तक्रारदारावर नाही. त्याला ग्राहक आयोगाचे दार उघडेच राहते. कायद्याने इथे दुबळ्याच्या बाजूने झुकते माप दिले आहे आणि ते योग्यच आहे. वीजबिलाच्या वादातही ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंचाच्या वर विद्युत लोकपाल आहे, मुंबईत आणि नागपुरात.

बलवान पक्षाशी सलोखा कधीच करू नये, असे नाही. महारेराने २०१८ मध्ये घरखरेदीदार आणि बिल्डर यांच्यासाठी सलोखा मंच सुरू केला. तिथे बिल्डरांच्या संघटनांसोबत मुंबई ग्राहक पंचायतीचे प्रतिनिधीही बसतात. खरेदीदार एकटा पडत नाही, म्हणून तिथली बोलणी बरोबरीची होऊ शकतात. ही बरोबरी नसेल, तिथे ‘मिटवून टाका’ असे तक्रारदाराला कुणी सांगू नये.

दावा फेटाळला गेलेल्यांनी एक काळजी घ्यावी. कंपनीच्या नकारानंतर विमा लोकपालाकडे जायला एक वर्षाची मुदत असते, आणि तोच वाद आधी कोर्टात किंवा ग्राहक आयोगात नेला असेल तर लोकपाल तक्रार घेत नाही. म्हणून नकाराचे पत्र जपून ठेवा आणि वकील गाठण्याआधी लोकपालाकडे अर्ज करा.